मोगलाईतले तेहतीस अनारसे

गोजरबाईला कुणी विचारलं असतं, "बाई, जन्मात सगळ्यात मोठा येडेपणा कोणता केलास?" तर तिनं जरासुद्धा आढेवेढे न घेता सांगितलं असतं, "टोपलीवर बसले, तो." पण ते पुढं येईल. आधी टोपलीत काय होतं ते सांगतो.

टोपलीत अनारसे होते, तेहतीस. धोंड्याचा महिना चालू होता, म्हणजे तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना, आणि धोंड्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं ही आपली रीत. बत्तीस चालत नाहीत. आणि अनारसा म्हणजे काही भाकरी नव्हे, की पाहुणा दारात दिसला आणि पीठ मळायला घेतलं. तांदूळ तीन दिवस भिजवा, सुकवा, कुटा, गुळात कालवून मुरत ठेवा, आणि इतकं सगळं करून तुपात सोडला की तो हसायचा असला तर हसतो, म्हणजे जागच्या जागी विरघळून जातो. मग बसा कपाळाला हात लावून. गोजरबाईचे मात्र एकूण एक नीट उतरले होते. लालसर, जाळीदार, वर खसखस. सोबत तिच्या आईचं चांदीचं निरांजन होतं. वाण असं द्यावं की बघणाऱ्यानं बघतच राहावं, असा बाईचा बेत.

एरवी धोंड्याला जावयालाच घरी बोलावतात. पण गोजरबाईचं खेडं देऊळगावकडं, वऱ्हाडात, इंग्रजी अंमलाखाली. आणि लेक साळूबाई दिली टेंभुर्णीला, निजामाच्या राज्यात, ज्याला सगळे मोगलाई म्हणायचे. मधे पाच कोस रस्ता आणि एक करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. साळूची सासू जयवंताबाई म्हणजे लवंगी मिरची. लग्नात रुखवताला करंज्या कमी पडल्या, तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "इंग्रजीतल्या लोकांना रीत कुठं माहीत!" त्या रागात लग्नाला दीड वरीस होत आलं तरी तिनं साळूला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. आता बाजाराला आलेल्या माणसाबरोबर तिचा निरोप आला होता : "लेकाला मी परमुलखात धाडणार न्हाई. वाण द्यायचं असंल तर अमावस्येचा दिवस मावळायच्या आत इथं आणून द्या. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या. मंग साळू पण पुढच्या धोंड्यालाच माहेरी येईल."

पुढचा धोंडा म्हणजे तीन वर्षं. गोजरबाईला नवरा नव्हता, दुसरं लेकरू नव्हतं. निरोप ऐकून तिनं चुलीतलं लाकूड उगाचच मागंपुढं केलं आणि म्हणाली, "बघतेच मी."

चार दिवस नदीला पूर. पाणी ओसरलं ते नेमकं अमावस्येच्या पहाटे. अमावस्येला कुणी प्रवासाला निघतं का? पण निघाली. बैलगाडी हाकायला धाकटा दीर कडूबा. कडूबा माणूस सोन्यासारखा, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की गावाची वेस आल्याशिवाय थांबायचा नाही, आणि त्यात खरं चार आणे, तिखटमीठ बारा आणे.

"वैनी," गाडी शिवारातून बाहेर पडली तसा तो म्हणाला, "आजवर मोगलाई परकी होती, पण वर साहेब एकच होता. काल आपल्याकडं झेंडा लागला, साखर वाटली, स्वराज्य आलं. तिकडं न्हाई आलं. आता तो पक्का परदेश झाला बघा. नाक्यावर म्हणं अंगावरचं लुगडं सोडून सगळं काढून घ्यायलेत."

"खाण्याचं बी?"

"खाण्याचं आधी! आणि चांदी दिसली तर मंग बघायलाच नको."

झालं. गोजरबाईनं टोपली जवळ ओढून घेतली ती नाका येईपर्यंत सोडली नाही. खरं म्हणजे तिच्या जन्मात तिनं निजामाचा एक शिपाईसुद्धा पाहिला नव्हता. लेकीच्या लग्नाचं वऱ्हाडही तिकडूनच इकडं आलं होतं. पण न पाहिलेल्याची भीती पाहिलेल्यापेक्षा दुप्पट असते.

नाका दिसला तशी तिनं निरांजन अनारशांच्या मधे खुपसलं, टोपलीवर धोतर घट्ट बांधलं, आणि वर घोंगडी टाकून स्वतः त्याच्यावर बसली. पुरती बसली नव्हती, एवढी अक्कल होती. दोन्ही हात गाडीच्या साट्याला रेटून अधांतरी, लुगड्याचा घोळ चारी बाजूंनी पसरून. बघणाऱ्याला वाटावं, बाई बसलीये. आतून मांड्या थरथरायला लागलेल्या.

नाक्यावरचा मुनशी उठून आला. पांढरी दाढी, डोळ्याला दोऱ्यानं बांधलेला चष्मा. कडूबाला विचारलं, "क्या माल है?"

"माल न्हाई, मुनशीजी. वैनी हायेत. बीमार हायेत." हे कडूबाचं तिखटमीठ. ठरलेलं नव्हतं.

आता मुनशी पडला दयाळू. गोजरबाईचा घामानं डबडबलेला चेहरा आणि थरथरणारे हात बघून त्याचं काळीज हललं. "अरे अम्माको तो बुखार है! उतरो अम्मा, छावमें बैठो. पानी लाव रे जल्दी!"

"नको, नको," गोजरबाई म्हणाली. "मी इथंच बरी हाये."

"नक्को कैसा? ऐसे में सफर करते?" त्यानं शिपायाला खाट टाकायला सांगितली. दुसऱ्याला पाणी आणायला पिटाळलं. जितकी त्याची माया वाढली, तितके गोजरबाईचे हात सुटायला आले. शेवटी शिपाई पाण्याचा मोठा डेरा घेऊन धावत आला, बैल बुजला, गाडीला हिसका बसला, आणि गोजरबाई टोपलीवर बसली. या खेपेला खरंच बसली.

करकर-करकर-कर्रर्र.

मुनशीनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "क्या टूटा, अम्मा?"

"कंबर," गोजरबाई म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

मग काय, दोन शिपायांनी तिला अलगद उचलून खाटेवर ठेवलं, आणि खाली टोपली दिसली. कडूबानं डोळे मिटून घेतले. मुनशीनं धोतराची गाठ सोडली. आत निरांजन सुखरूप होतं. चांदीच ती, तिला काय होतंय? पण अनारशांचा भुगा झाला होता. गोजरबाई खाटेवरून उठली, कंबर बिंबर विसरली, मांडी घालून बसली आणि एकेक वेचून बाजूला ठेवायला लागली. अख्खे निघाले नऊ.

"निजामाच्या माणसांनी घेऊ नयेत म्हणून बसले," हुंदके देत तिनं खरं ते सांगून टाकलं. धोंडा, जावई, साळू, जयवंताबाईचा निरोप, तीन वर्षं, सगळं.

मुनशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तोबा, तोबा! अम्मा, वाणावर करोडगिरी कोन लेता? हमारे सरकारकू तेरे अनारसे लेके क्या करना है?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "नक्को रो. अभी दोपहर भी नै हुई. ठैर."

तो आत गेला आणि पितळेचा छोटा डबा घेऊन आला. धरला मात्र फडक्यानं, हात न लावता. "बाजूके कुलकर्णीबाईने फराळकू भेजे थे. दो हैं. मैं हात बिलकुल नै लगाया. डब्बा जैसा आया वैसाच है."

गोजरबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मनात येणार ते या माणसानं आधीच ओळखून ठेवलं होतं, आणि त्याचं त्याला वाईटसुद्धा वाटलेलं दिसत नव्हतं. तिला आपलीच इतकी लाज वाटली की काय सांगू. तिनं दोन्ही हात पुढं केले. "डबा कशाला मुनशीजी? हातानं द्या." मुनशी जरा थबकला. मग त्यानं डबा उघडला आणि दोन अनारसे उचलून तिच्या ओंजळीत ठेवले.

अकरा झाले.

नाक्यापासून हाकेच्या अंतरावर बोरवाडी. मुनशीनं एक शिपाई बरोबर दिला, आणि तो शिपाई पण असं बेणं, की वाडीत शिरल्याबरोबर दवंडी दिल्यासारखा ओरडायला लागला, "अनारसे हायेत का अनारसे! इंग्रजीतली बाई वाणावर बसली!" गोजरबाईला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण दारं उघडली. लेकरं आली, सुना आल्या, म्हाताऱ्या आल्या. हसल्या तर इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. आणि हसता हसताच घरात गेल्या नि डबे घेऊन बाहेर आल्या.

महिन्याचा शेवटचा दिवस. ज्याच्या त्याच्या घरचं वाण देऊन झालेलं, डब्यात उरलंसुरलं. कुणाकडं एक, कुणाकडं दोन. कुणाचा साखरेचा पांढरा, कुणाचा गुळाचा काळपट. एकीचा पुरीएवढा, एकीचा रुपयाएवढा. पाटलाच्या घरची गोपिकाबाई, साठीची ठसठशीत बाई, तिनं पाच आणून टोपलीत ठेवले.

"मावशी, एवढे कशाला?" गोजरबाई म्हणाली. "तुम्हाला ऱ्हाऊ द्या."

"मला दात हायेत का?" गोपिकाबाई म्हणाली. "आणि हे बघ, माझी द्वारका तिकडं दिलीये, तुमच्या चिखलीला. काल ऐकलं, तुमचं राज्य येगळं झालं म्हणून. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. तिकडं पाय घसरून पडली तर कोण उचलंल तिला? आज तू पडलीस माझ्या दारात. मी न्हाई उचललं तर तिला कोण उचलणार?" एवढं बोलून ती उगाचच सुनेवर खेकसली, "बघत काय उभी ऱ्हायलीस? पाहुणीला भाकर बांधून दे!"

वाडी पालथी घातली. बत्तीस झाले. तेहतिसावा काही मिळेना. शिपायानं देवळातल्या गुरवालासुद्धा विचारलं. दुपार कलली होती. कडूबा म्हणाला, "वैनी, एकच कमी हाये. कोण मोजतंय?"

"जयवंताबाई," गोजरबाई म्हणाली, आणि कडूबानं लगेच बैल हाकले.

टेंभुर्णी दीड कोसावर राहिली तेव्हा नाला आडवा आला. पाणी गुडघाभर, पण खाली काळी माती. अलीकडच्या काठालाच गाडीचं चाक असं रुतलं की बैलांनी मान टाकली. कडूबानं खाली उतरून बैलांच्या सात पिढ्या काढल्या, तरी उपयोग नाही. सूर्य चांगलाच खाली आला होता. गोजरबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि काठावर उभी राहिली. पाय टाकायची हिंमत होईना. या खेपेला पडली असती, तर टोपली नाल्यातच गेली असती.

पलीकडं मेंढ्या चरत होत्या. त्यातली धनगराची बाई, चाळिशीची, काटकुळी, हे सगळं बघून काष्टा खोचत पाण्यात शिरली. "आण ती टोपली इकडं," म्हणाली. "आणि माझा पदर धर. जिथं मी पाय टाकते तिथंच टाक, न्हाई तर खाली जाशील."

तिचं नाव सोनूबाई. पलीकडं नेऊन सोडून ती परत फिरली नाही. नवऱ्याला लांबून हाळी दिली, "मेंढरं बघा, आणि त्यांची गाडी बी काढू लागा!" आणि टोपली डोक्यावर तशीच ठेवून बांधाबांधानं आडवाटेनं चालायला लागली. "सडकेनं गेलीस तर दिवस बुडंल. चल बिगी."

चालता चालता गोजरबाईनं सगळी कहाणी सांगितली. कितव्यांदा, तिलाच ठाऊक नव्हतं. एक कमी असल्याचंही सांगितलं. सोनूबाई थांबली. टोपली खाली ठेवली, कनवटीला हात घातला आणि पळसाच्या पानाची पुडी काढली. आत एक अनारसा होता.

"सकाळी बोरवाडीला दूध घातलं, तवा गोपिकाबाईनं दिला," ती म्हणाली. "सकाळपासनं चारदा खायला काढला, चारदा ठेवला. म्हणलं, सांजच्याला निवांत बसून खाईन. एवढासा तर हाये, घाईत संपून जाईल."

"मंग तूच खा गं. मी न्हाई घेणार."

"येडी का काय! मी खाल्ला तर घटकाभर तोंड गोड होईल. तुझी लेक तीन वर्षं अडकंल." आणि तिनं तो सरळ टोपलीत टाकला.

गोजरबाईनं तिचा हात धरला, आणि बोलायला काही सुचेना म्हणून म्हणाली, "तू मोगलाईची ना?"

"मी मेंढरांची," सोनूबाई म्हणाली. "चल बिगी."

गावाच्या वेशीपर्यंत आणून ती आली तशी निघून गेली. गोजरबाई विचारत विचारत साळूच्या सासरच्या वाड्यात शिरली तेव्हा ऊन भिंतींवरून वर सरकून छपरांच्या कडेला लागलं होतं. जयवंताबाई ओसरीवर उभी होती, कमरेवर हात. तिच्या मागं दाराआड साळू. साळूनं आईला बघितलं आणि पदर तोंडात कोंबला.

"आलात?" जयवंताबाई म्हणाली. "मला वाटलं, न्हाई येत."

"आले," गोजरबाई म्हणाली. "पाट मांडा."

जावई राधाकिसन शेतातून नुकताच आलेला. बिचाऱ्याला धड पाय धुवायला पण वेळ मिळाला नाही. पाटावर बसवला, कुंकू लावलं, निरांजन पेटवलं, अनारसे ताटात रचून वाण हातात दिलं. छपरावरचं ऊन गेलं तेव्हा ताट जावयाच्या मांडीवर होतं.

मग जयवंताबाई खाली बसली आणि मोजायला लागली. खरंच मोजले. "तेहतीस," शेवटी म्हणाली. मग एक उचलून डोळ्यांजवळ धरला, दुसरा त्याच्या शेजारी. एक पांढरा, एक काळा. तिच्या भुवया वर गेल्या. "इहीणबाई, हे एका हातचे न्हाईत."

खोटं बोलायला गोजरबाईकडं आता जीवच उरला नव्हता. आणि सकाळपासून खोटेपणाचं काय फळ मिळतं ते तिनं कमरेनं अनुभवलं होतं. "न्हाईत," ती म्हणाली. "माझे नऊ. दोन नाक्यावरच्या मुनशीचे, एक धनगरणीचा, आणि बाकी बोरवाडीचे." आणि तिनं सांगितलं, अगदी 'कंबर'पर्यंत.

आधी राधाकिसन हसला. मांडीवरचं ताट सांभाळत हसला. मग दाराआडून साळू. जयवंताबाईनं ओठ आवळून धरले, पण 'कंबर'ला तिचाही बांध फुटला, आणि ती बाई अशी हसली की शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली.

हसणं ओसरल्यावर तिला दिसलं की गोजरबाईच्या ओठांना भेगा पडल्यात. पाण्याचा तांब्या समोरच होता, पण गोजरबाईनं त्याला हात लावला नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत दोघींनाही ठाऊक होती. जयवंताबाई उठली, दुसरा रिकामा तांब्या घेऊन बाहेर गेली. जी बाई शेजारणीकडं कधी विस्तव मागायला गेली नाही, ती शेजारच्या घरातून तांब्या भरून घेऊन आली आणि गोजरबाईसमोर ठेवला.

"हे माझ्या घरचं न्हाई," म्हणाली. "प्या."

गोजरबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. जयवंताबाई तिच्याकडं बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"इहीणबाई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझी लेक उषा बी तुमच्याकडंच दिलीये. तुमच्या गावापासून कोसावर. तिचा बी पहिलाच धोंडा." ती आत गेली आणि फडक्यात बांधलेला अनारशांचा डबा घेऊन आली. "चार दिवसांपासून बांधून ठेवलाय. नदी उतरली, तरी गेले न्हाई. तुम्हाला तशा वाटंनं बोलावलं, आणि स्वतः घरात बसले. भ्याले मी. म्हणलं, परमुलूख, काल राज्य बदललं, कोण काय करंल. आता अमावस्या गेली. पोरगी वाट बघून बघून बसली असंल. रीत मलाच न्हाई पाळता आली."

राधाकिसननं ताट हळूच बाजूला ठेवलं.

गोजरबाईच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! दीड वर्षाची टोमणेबाजी, करंज्या, तीन वर्षांची धमकी. आता बोलायची पाळी तिची होती, आणि बोलली असती तर कुणी दोष दिला नसता. पण दिवसभर तिनं नुसतं घेतलंच होतं, आणि ते सगळं कुठं तरी दिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. तिनं डबा ओढून मांडीवर घेतला.

"अमावस्या तुमच्याकडं गेली असंल," ती म्हणाली. "आमच्याकडं परवापासनं स्वराज्य हाये. एक दिवस इकडंतिकडं चालतंय. उद्या दिवस मावळायच्या आत तुमच्या जावयाच्या मांडीवर ताट ठेवते. त्याच्या आईनं काही म्हणलं तर मी हाये."

"परवापासनं न्हाई, कालपासनं," राधाकिसन म्हणाला.

"तेच ते. गप बसा तुम्ही."

जयवंताबाईनं डोळे पुसले आणि उठून आत हाक मारली, "साळू! गाठोडं बांध. सकाळी आईसंगं जायचंय तुला, पंचमी करून ये." मग गोजरबाईकडं वळली आणि कधी नव्हे ते अगं-तुगंवर आली. "आणि गोजरे, पोहोचवायला येशील तवा माझ्या उषाला बी घेऊन ये. मी नाक्यापतूर सामोरी येते."